हेवी मेटलच्या बेससाठी आठ हजार रुपयांच्या आत कोणता कॉम्प्रेसर घ्यावा?

खर्जवाला (पुणे)

नमस्कार मंडळी,

पुण्यातल्या एका मेटल बँडमध्ये मी बेस वाजवतो. आमच्या गिटारी ड्रॉप-सी मध्ये (नेहमीपेक्षा खालच्या सुरांत) लावलेल्या असतात, त्यामुळे माझा चार तारांचा पॅसिव्ह (बॅटरी नसलेला), प्रिसिजन धाटणीचा बेसही सी-जी-सी-एफ असा उतरवलेला आहे. मी पिकने वाजवतो. आमच्या बऱ्याच गाण्यांची लय १८० बीपीएमच्या (मिनिटाला १८० ठोक्यांच्या) आसपास असते आणि त्यांत सिक्स्टीन्थ नोट्सची सलग धाव असते.

अडचण अशी आहे, की सर्वांत खालची तार मोकळी वाजली की आवाज एकदम फुगतो, आणि वरच्या तारांवर गेलो की तोच बेस दोन गिटारींच्या मागे नाहीसा होतो. कार्यक्रमात साउंड इंजिनियर त्या फुगवट्यामुळे संपूर्ण बेसच खाली ओढतो आणि मग गाण्याचा पायाच निघून जातो. सध्या माझ्याकडे ट्यूनर आणि त्यानंतर ड्राइव्ह (आवाज फोडणे) व ब्लेंडची (फुटलेला आणि क्लीन आवाज मिसळण्याची) सोय असलेले एक प्रीॲम्प पेडल, एवढीच मांडणी आहे.

म्हणून मोठा आवाज दाबून पातळी सारखी ठेवणारे पेडल, म्हणजे कॉम्प्रेसर, घ्यायचा विचार आहे. माझे बजेट आठ हजार रुपयांचे आहे; सेकंड-हँड घ्यायलाही माझी हरकत नाही. गिटारसाठी बनवलेला स्वस्त कॉम्प्रेसर बेसला चालेल का, एकच नॉब असलेले छोटे पेडल पुरेसे होईल का, आणि कॉम्प्रेसर ड्राइव्हच्या आधी लावावा की नंतर, या तीन प्रश्नांवर अनुभवी वादकांचे मत हवे आहे. केवळ नाव न सांगता कारणही सांगितले तर फार उपकार होतील.

मंद्रसप्तक (मुंबई)

नावांकडे नंतर येऊ. तुम्ही लय आणि ट्यूनिंग दोन्ही सांगितले हे फार बरे झाले, कारण तुमच्या बाबतीत निवड मुख्यतः त्या दोन आकड्यांवरच ठरणार आहे.

१८० च्या लयीत एका ठोक्याला सुमारे ३३३ मिलिसेकंद मिळतात. त्यात चार सूर बसवले, तर प्रत्येक सुराच्या वाट्याला सुमारे ८३ मिलिसेकंद येतात. दुसरीकडे, तुमच्या सर्वांत खालच्या सी ची वारंवारता ३२.७ हर्ट्झ आहे, म्हणजे त्या सुराचा एक तरंग पूर्ण व्हायलाच सुमारे ३१ मिलिसेकंद लागतात. कॉम्प्रेसरचा रिलीज, म्हणजे दाबलेला आवाज पुन्हा मोकळा सोडायला त्याला लागणारा वेळ, या ३१ मिलिसेकंदांपेक्षा कमी झाला, तर सर्किट तरंगाच्या चढउतारालाच आवाजाचा चढउतार समजते, प्रत्येक तरंगाबरोबर दाबते-सोडते, आणि खर्जात एक घाणेरडी खरखर शिरते. उलट रिलीज ८३ मिलिसेकंदांपेक्षा फारच जास्त असेल, तर दोन सुरांच्या मध्ये कॉम्प्रेसर सावरतच नाही. विरामानंतरचा पहिला सूर दणकून येतो आणि पुढची सगळी धाव एकाच दबलेल्या पातळीवर चालते. या दोन टोकांच्या मधली जागा अरुंद आहे. हळू वाजणाऱ्या डूम बँडच्या बेसवादकाला हा प्रश्न एवढा टोचत नाही, तुम्हाला मात्र तो प्रत्येक गाण्यात टोचेल.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर याच हिशोबातून मिळते. गिटारच्या बहुतेक स्वस्त कॉम्प्रेसरांचा पूर्वज १९७० च्या दशकातला एमएक्सआर डायना कॉम्प आहे. त्यात आउटपुट आणि सेन्सिटिव्हिटी एवढे दोनच नॉब असतात, आणि सावरण्याचा वेळ आतल्या १५० किलो-ओहमच्या रेझिस्टरने व १० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरने ठरतो. त्यांचा गुणाकार दीड सेकंद येतो. क्लीन गिटारचा सूर लांबवायला हे सुंदर आहे आणि त्यासाठीच ते पेडल गाजले, पण दीड सेकंदात तुमचे अठरा सूर वाजून झालेले असतात. म्हणून दोन नॉबचे, डायना कॉम्पच्या जातीचे पेडल कितीही स्वस्त मिळाले, तरी तुमच्या कामासाठी मी ते सुचवणार नाही.

ऑप्टिकल जातीबद्दलही थोडे सांगतो, कारण बेससाठी ऑप्टिकलच घ्या असा सल्ला सर्रास दिला जातो. त्यात आतला दिवा आवाजाप्रमाणे उजळतो आणि त्याच्यासमोरचा प्रकाशसंवेदी रेझिस्टर आवाज दाबतो. हा रेझिस्टर अंधारात परत यायला वेळ घेतो. स्टुडिओतल्या प्रसिद्ध एलए-२ए मध्ये पहिली अर्धी सुटका सुमारे ६० मिलिसेकंदांत होते, पण उरलेल्या अर्ध्याला १ ते १५ सेकंद लागू शकतात. बोटांनी वाजवलेल्या मोटाउन धाटणीच्या बेसला ही आळशी सुटका फार गोड लागते. मूअरचा यलो कॉम्प हे छोटे पेडल याच तत्त्वावर चालते आणि त्यावर व्हॉल्यूम, ईक्यू व कॉम्प एवढेच नॉब आहेत. रिलीज तुमच्या हातात नाही. १९६७ मध्ये आलेला ११७६ हा एफईटी (एका प्रकारच्या ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या) जातीचा स्टुडिओ कॉम्प्रेसर रॉकच्या बेसवर इतका का वापरला गेला, याचे एक कारण त्याच्या रिलीजमध्ये आहे. तो ५० मिलिसेकंदांपासून १.१ सेकंदांपर्यंत हवा तसा ठेवता येतो.

पैसे खर्च करण्यापूर्वी एक गोष्ट जरूर करा. तुमच्याकडे ऑडिओ इंटरफेस आणि विंडोज संगणक असेल, तर रीपर हा रेकॉर्डिंगचा प्रोग्राम बनवणाऱ्यांनी रीॲप्लग्ज नावाचा प्लगइनचा संच मोफत दिलेला आहे, त्यातला रीॲकॉम्प उतरवून घ्या. तुमच्याच गाण्यातला अवघड भाग कोणत्याही पेडलशिवाय सरळ रेकॉर्ड करा आणि ड्रम-गिटारींच्या सोबत ऐकत थ्रेशोल्ड (ज्या पातळीच्या वर दाब सुरू होतो), रेशो (किती प्रमाणात दाबायचे), अटॅक (दाब पडायला लागणारा वेळ) व रिलीज फिरवून पाहा. सुरुवात रेशो ४:१, अटॅक २० मिलिसेकंद, रिलीज १०० मिलिसेकंद येथून करा. अटॅक याहून फार लांबवू नका, कारण ८३ मिलिसेकंदांच्या सुरात ४० मिलिसेकंद तसेच सुटून गेले, तर दाबायला अर्धाच सूर उरतो. फार कमी केलात, तर पिकचा जो टणत्कार गिटारींच्या भिंतीतून बेस बाहेर काढतो, तोच आधी चिरडला जाईल. आपल्याला कोणते नॉब खरोखर लागतात हे एकदा कानाला कळले, की दुकानातली निम्मी पेडले आपोआप बाद होतात.

तालीमखोली (ठाणे)

वरील उत्तरातला हिशोब मला पूर्ण मान्य आहे, पण मूळ अडचणीचे निदान मला थोडे वेगळे वाटते आणि ते आधी तपासावे असा माझा आग्रह आहे.

खालची तार फुगते आणि वरच्या तारा हरवतात, ही तक्रार कॉम्प्रेसरच्या आधी बेसच्या सेटअपची असते. प्रिसिजनच्या पिकअपचे दोन वेगळे तुकडे असतात, एक खालच्या दोन तारांखाली आणि एक वरच्या दोन तारांखाली, आणि प्रत्येकाची उंची स्वतंत्र स्क्रूंनी बदलता येते. खालच्या तारांकडचा तुकडा थोडा खाली उतरवा आणि वरचा थोडा जवळ आणा. या कामाला स्क्रू-ड्रायव्हरशिवाय काही लागत नाही आणि फरक लगेच ऐकू येतो. दुसरे म्हणजे तार. नेहमीच्या संचातली ०.१०५ इंचाची तार ई वरून सी पर्यंत उतरवली, तर ती इतकी ढिली पडते, की पिक लागताच सूर क्षणभर चढतो, तार फ्रेटांवर फडफडते आणि प्रत्येक फटका वेगळ्या ताकदीचा निघतो. खालची तार ०.११५ किंवा ०.१२० इंचाची लावा. ढिल्या तारेचा असमानपणा कोणताही कॉम्प्रेसर नीट झाकू शकत नाही.

तिसरा मुद्दा डिस्टॉर्शनचा आहे. ड्राइव्ह हा स्वतःच एक कॉम्प्रेसर असतो, कारण ठरावीक उंचीच्या वर तो तरंगाचा माथाच कापतो. मोटरहेडचा लेमी रिकनबॅकर बेस मार्शलच्या व्हॉल्व्ह ॲम्पमधून फोडून वाजवत असे, आणि तो भरदार, सलग आवाज त्या ओव्हरड्राइव्ह झालेल्या ॲम्पनेच घडवलेला आहे. तुमचा ड्राइव्ह पुरेसा वर असेल, तर वरच्या तारा नाहीशा होण्याचे कारण आवाजाची पातळी नसून मध्यम वारंवारतांचा अभाव असू शकतो. ७०० हर्ट्झ ते १ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात थोडी भर घालून पाहा. मेटलमध्ये बेसच्या मिड्स काढून टाकायची सवय आजही अनेकांना आहे, आणि गिटारीही आपल्या मिड्स काढतात. मग मधल्या पट्ट्यात कोणीच उरत नाही.

कॉम्प्रेसर घेऊ नका असे माझे म्हणणे नाही. आठ हजार रुपये खर्च करण्याआधी हे तिन्ही उपाय करा, एवढेच सांगायचे आहे.

पाचवी तार (कोल्हापूर)

वरच्या दोन्ही सल्ल्यांना धरून आता प्रत्यक्ष पेडलांबद्दल लिहितो. बजेट आठ हजारांचे आहे, त्यामुळे एमएक्सआरचा एम८७ बेस कॉम्प्रेसर येथे बसत नाही, पण तो मापदंड म्हणून लक्षात ठेवावा. त्यावर अटॅक, रिलीज, रेशो, इनपुट आणि आउटपुट असे पाचही नॉब आहेत, रेशो ४:१, ८:१, १२:१ आणि २०:१ असे निवडता येतात, आणि किती दाब पडतो आहे हे दाखवणारी एलईडींची रांगही आहे. स्वस्त पेडल निवडताना यांतले काय सोडून द्यायला आपण तयार आहोत, असा प्रश्न स्वतःला विचारा.

माझ्या दृष्टीने सर्वांत आधी सोडू नये अशी गोष्ट म्हणजे थ्रेशोल्ड आणि रेशो हे दोन वेगळे नॉब. गिटारच्या पेडलांवर सस्टेन नावाचा एकच नॉब या दोन्हींचे काम एकत्र करतो, त्यामुळे फक्त उंच शिखरे कापायची आणि बाकी सूर तसाच ठेवायचा, हे त्यावर जमत नाही. बॉसचा सीएस-३ घ्या, त्यावर लेव्हल, टोन, अटॅक आणि सस्टेन आहेत. पेडल उत्तम आहे, पण ते गिटारच्या गरजेतून घडलेले आहे. त्याच कंपनीचा एलएमबी-३ मात्र बेससाठी बनवलेला लिमिटर, म्हणजे ठरावीक पातळीच्या वरची शिखरे जोरात अडवणारा कॉम्प्रेसर आहे आणि त्यावर लेव्हल, एन्हान्स, रेशो आणि थ्रेशोल्ड असे चार नॉब मिळतात. तुमची तक्रार खालच्या तारेच्या फुगवट्याची आहे आणि ते काम लिमिटरचेच आहे. नवा घेतला तर तो तुमच्या बजेटच्या वर जातो, पण जुन्या बाजारात तो नियमित दिसतो आणि त्याचे धातूचे खोके वर्षानुवर्षे टिकते. एन्हान्सचा नॉब वरचे सूर उजळवतो. ड्राइव्हच्या आधी लावणार असाल तर तो जवळजवळ बंदच ठेवा, नाही तर तारेवरून सरकणाऱ्या बोटांचा आवाज आणि हिस् दोन्ही ड्राइव्हमधून मोठे होऊन बाहेर पडतील. अटॅक आणि रिलीजचे नॉब एलएमबी-३ वर नाहीत, म्हणून तुमच्या वेगाला तो साजतो का हे विकत घेण्यापूर्वी तुमच्याच धावेवर ऐकून ठरवा.

बेहरिंगरचा बीएलई४०० हा साधारण त्याच मांडणीचा, तेच चार नॉब असलेला लिमिटर आहे आणि नवा घेऊनही तुमचे निम्म्याहून अधिक पैसे उरतात. त्याचे खोके प्लॅस्टिकचे आहे. बँडबरोबर प्रवास करताना तो पेडलबोर्डवर नीट बसवलेला असावा आणि त्यावर बुटाने दणका देऊ नये. बेसला कॉम्प्रेसर बहुधा पूर्ण कार्यक्रमभर चालूच ठेवतात, त्यामुळे एकदा चालू करून विसरून जायचे असेल तर प्लॅस्टिकची भीती बरीच कमी होते. हात तंग असलेल्या वादकाला मी हा निःसंकोच सुचवतो.

एका नॉबबद्दल तुम्ही विचारले आहे. टीसी इलेक्ट्रॉनिकचा स्पेक्ट्राकॉम्प दिसायला एका नॉबचा असला, तरी तो आतून मल्टिबँड आहे, म्हणजे खर्ज, मध्य आणि वरचे सूर वेगवेगळे दाबतो. तुमच्या बाबतीत हा मोठा फायदा आहे. साध्या कॉम्प्रेसरमध्ये खालच्या सी ने दाब सुरू केला, की त्याच्याबरोबर पिकचा टणत्कारही खाली जातो; मल्टिबँडमध्ये खर्ज दबला तरी टणत्कार शाबूत राहतो. यूएसबीने संगणकाला जोडून टोनप्रिंट या त्याच कंपनीच्या एडिटरमध्ये त्याच्या आतल्या मूल्यांत बदल करता येतो, त्यामुळे घरी बसून मेहनत घ्यायची तयारी असेल तर तो एका नॉबच्या इतर पेडलांपेक्षा फार वेगळा ठरतो. पण तालमीत उभ्या-उभ्या काही बदलायचे असेल, तर हाताशी नॉब एकच आहे. बॉसचा बीसी-१एक्सही मल्टिबँड आहे आणि त्यावर लेव्हल, रिलीज, रेशो, थ्रेशोल्ड हे नॉब आणि दाब दाखवणारा मीटर सगळे उघड्यावर आहे. मंद्रसप्तक यांनी सांगितलेला रिलीजचा हिशोब या पेडलवर थेट करता येतो. नवा तो तुमच्यासाठी महाग आहे, पण जुना कुठे आवाक्यात आला तर दुसऱ्या कशाचाही विचार करू नका.

झूमचा बी१ फोर हाही पर्याय आहे, आणि केवळ मल्टिइफेक्ट आहे म्हणून त्याला नाक मुरडू नये असे मला मनापासून वाटते. त्यात कॉम्प्रेसरचे अनेक प्रकार आहेत, एका वेळी पाच इफेक्ट एकापुढे एक लावता येतात, ट्यूनर आहे आणि सरावाला ड्रमचे ठेकेही आहेत. कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या बेसवादकाने पहिली खरेदी कोणती करावी असे मला विचारले, तर मी बहुधा हेच सांगेन. तुमच्याकडे ट्यूनर आणि प्रीॲम्प आधीच आहे, म्हणून तुमच्यासाठी तो पहिला पर्याय ठरत नाही.

खर्जवाला (पुणे)

सर्वांचे मनापासून आभार. तालीमखोली यांच्या सांगण्याप्रमाणे पिकअपच्या दोन्ही तुकड्यांची उंची बदलली आणि खाली ०.१२० ची तार चढवली. खालच्या तारेचा फुगवटा निश्चित कमी झाला आहे, पण संपलेला नाही. विशेषतः विरामानंतर जोरात मारलेला पहिला मोकळा सी अजूनही उसळतो. मिड्स वाढवल्यावर वरच्या तारा आता गिटारींच्या मागून स्पष्ट डोकावू लागल्या आहेत.

रीॲकॉम्पवर बराच वेळ घालवला. रेशो ४:१, अटॅक २० च्या आसपास आणि रिलीज ९० ते १०० मिलिसेकंद ठेवल्यावर, खालच्या तारेवर पाच-सहा डेसिबल दाब पडेल अशा थ्रेशोल्डला बेस जागेवर बसतो. रिलीज ३० च्या खाली नेल्यावर जी खरखर येते ती स्पष्ट ऐकू आली, आणि एक सेकंदावर नेल्यावर पूर्ण धाव मेल्यासारखी झाली. त्यात डिटेक्टरसाठी (आवाज मोजणाऱ्या भागासाठी) खर्ज गाळणारा हायपास फिल्टर आहे, तो ८० हर्ट्झच्या आसपास ठेवल्यावर खालच्या तारेवरचा टणत्कार आणखी मोकळा झाला.

पुण्यातच एक जुना एलएमबी-३ विकायला आहे आणि तो बजेटमध्ये बसतो. तो घ्यावा, की बीएलई४०० नवा घेऊन उरलेले पैसे चांगल्या पॉवर सप्लायवर खर्च करावेत? आणि ड्राइव्हच्या आधी की नंतर, हा प्रश्न अजून शिल्लक आहे.

सोल्डरधूर (नाशिक)

क्रमाचा प्रश्न आधी घेतो, कारण तुमच्या प्रीॲम्पवर ब्लेंडची सोय आहे आणि त्यानेच उत्तर ठरते. ब्लेंड असलेल्या पेडलमध्ये सिग्नल दोन वाटांनी जातो, एक वाट ड्राइव्हमधून आणि दुसरी क्लीन. ड्राइव्हच्या वाटेवर, वर कुणी लिहिले तसे, माथे आपोआप कापले जातात. क्लीन वाटेवर मात्र तुमचा उसळणारा सी जसाच्या तसा पुढे जातो, आणि खर्जाचा बहुतांश भार याच वाटेवर असतो. कॉम्प्रेसर आधी लावलात, तर दोन्ही वाटांना समतल सिग्नल मिळतो, शिवाय हात हलका पडला किंवा जड पडला तरी ड्राइव्हचा पोत सारखा राहतो. नंतर लावलात, तर कॉम्प्रेसरला दोन्हींचे मिश्रण मिळते, क्लीन सी उसळला की ड्राइव्हचा आवाजही त्याच्याबरोबर खाली ओढला जातो, आणि विरामात ड्राइव्हची हिस् वर उचलली जाते. तुमच्यासाठी उत्तर ट्यूनर, कॉम्प्रेसर, मग प्रीॲम्प असे आहे.

त्याची किंमत काय पडते तेही ऐका. सहा डेसिबल दाब आणि त्याची भरपाई म्हणून सहा डेसिबल मेकअप गेन लावला, तर सूर थांबल्यावर पार्श्वभूमीचा गोंगाटही सहा डेसिबलने वर येतो आणि पुढचा ड्राइव्ह त्याला आणखी फुगवतो. मेटलमध्ये झटकन थांबणे हे वाजवण्याइतकेच महत्त्वाचे असते, म्हणून ड्राइव्हचा गेन थोडा कमी करून पाहा. समतल सिग्नल मिळाल्यावर पूर्वीइतक्या गेनची गरजही उरत नाही. तरीही विराम स्वच्छ होत नसतील, तर पुढेमागे नॉइज गेट (सूर थांबताच गोंगाट बंद करणारे पेडल) घ्या आणि तो ड्राइव्हच्या नंतर लावा.

पॉवर सप्लायच्या बाबतीत, केवळ दोन-तीन ॲनालॉग पेडले असतील तर महागड्या सप्लायची घाई नको. ९ व्होल्टचा, मध्ये ऋण असलेला, रेग्युलेटेड ॲडॉप्टर पुरतो. डिजिटल पेडल त्याच साखळीत जोडले की मात्र बारीक शिट्टीसारखा आवाज येऊ शकतो; तसे झाल्यास त्याला वेगळा ॲडॉप्टर द्या. हेडरूम (आवाज फाटण्यापूर्वीची मोकळीक) वाढेल या समजुतीने ९ व्होल्टच्या पेडलला १८ व्होल्ट कधीही देऊ नका, आतले भाग जळतात. तुमचा बेस पॅसिव्ह आहे, त्यामुळे ९ व्होल्टमध्ये इनपुट फाटण्याची भीती तुम्हाला कमी आहे. गरम आउटपुटच्या ॲक्टिव्ह बेसवाल्यांनी मात्र पेडल घेताना हे जरूर तपासावे. तालमीच्या खोलीत गुणगुण येत असेल तर पेडलांच्या आधी सॉकेटचे अर्थिंग तपासून घ्या.

जुने पेडल पाहायला जाताना स्वतःचा बेस आणि स्वतःचा ॲडॉप्टर न्या. बॅटरीचे झाकण उघडून क्लिपवर हिरवट-पांढरा थर आहे का ते पाहा, कारण गळलेल्या बॅटरीचा क्षार आतपर्यंत पोचलेला असू शकतो. प्रत्येक नॉब सूर चालू असताना सावकाश पूर्ण फिरवा. किंचित खरखर असेल तर काँटॅक्ट क्लीनरने बहुधा जाते, पण एखाद्या जागी आवाज पूर्ण तुटत असेल तर पोटेन्शिओमीटर बदलावा लागेल. जॅकमध्ये वायर हलवून पाहा, आणि पायाचा स्विच सलग अनेकदा दाबून पाहा.

पाचवी तार (कोल्हापूर)

एलएमबी-३ ची अवस्था वरच्या कसोटीला उतरली आणि तुमच्या धावेवर तो मोकळा वाजला, तर तोच घ्या. बीएलई४०० आणि त्याच्यात निवड करायची वेळ बजेटमुळे आली असती तर गोष्ट वेगळी होती. दोन्ही आवाक्यात असताना धातूचे खोके आणि पुन्हा विकतानाची किंमत या दोन्ही गोष्टी एलएमबी-३ च्या बाजूने आहेत. पॉवर सप्लाय नंतर घेता येईल.

त्यावर दाब दाखवणारा मीटर नाही, म्हणून तो लावण्याची पद्धत सांगून ठेवतो. एन्हान्स पूर्ण डावीकडे ठेवा, रेशो पूर्ण उजवीकडे न्या आणि थ्रेशोल्ड इतका फिरवा, की प्रत्येक सूर दबल्याचे ढळढळीत ऐकू येईल. मग वरच्या दोन तारांवर नेहमीच्या ताकदीने वाजवत थ्रेशोल्ड हळूहळू मागे आणा, आणि त्या तारांवर दाब जाणवेनासा झाला की थांबा. त्यानंतर खालची मोकळी तार जोरात मारा; ती अजूनही अडवली जात असेल, तर थ्रेशोल्ड योग्य जागी आहे. आता रेशो मागे घेत घेत पिकचा टणत्कार परत येईपर्यंत आणा. शेवटी लेव्हल अशी जुळवा, की पेडल चालू असताना आणि बंद असताना धावेचा आवाज सारखाच मोठा वाटेल. हे जुळवले नाही तर मोठा आवाज चांगला वाटतो आणि कान फसतात. हे सगळे घरी एकट्याने न करता ड्रमर समोर असताना करा, कारण एकट्याने ऐकताना दहापैकी नऊ जण गरजेपेक्षा जास्त दाब ठेवतात.

कार्यक्रमात इंजिनियरला प्रीॲम्पच्या नंतरची लाइन द्या आणि बेस आधीच लिमिट केलेला आहे हे साउंडचेकला स्पष्ट सांगा. मिक्सरवरही त्याने पुन्हा जोरात कॉम्प्रेसर लावला, तर एवढ्या मेहनतीने वाचवलेला टणत्कार तेथे जाईल.